दुर्बिणीच्या माउंटसाठी संगणक-केबल : खोबणीत बसते म्हणून योग्य ठरत नाही

एखाद्या तारकागुच्छाकडे दुर्बीण वळवणे आणि पृथ्वी फिरत असतानाही तो दृष्टिक्षेत्रात धरून ठेवणे, ही कामे दुर्बिणीची नळी करीत नाही. ती करते नळीखालचे यांत्रिक आसन, ज्याला हौशी निरीक्षक ‘माउंट’ म्हणतात. मोटारी बसवलेले माउंट हातात धरायच्या नियंत्रकावरून, म्हणजे हँडसेटवरून, चालवता येते. आकाशाचे छायाचित्रण करायचे झाले, की मात्र बहुतेकांना संगणक जोडावासा वाटतो. स्टेलेरियमच्या पडद्यावर तेजोमेघावर क्लिक करावे आणि दुर्बिणीने तिकडे वळावे, ही सोय एकदा अनुभवल्यावर हँडसेटची बटणे दाबत बसणे नकोसे होते.

संपूर्ण संचात या जोडणीची केबल हीच सर्वांत स्वस्त वस्तू असते. माउंटची किंमत लाखाच्या पुढे सहज जाते. केबल काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळते. साहजिकच तिची निवड शेवटी, घाईत आणि प्लग पाहून केली जाते. धोका नेमका तेथेच आहे. चुकीची केबल माउंटमधील मोटारींचा नियंत्रण-बोर्ड क्षणात जाळू शकते. बदली बोर्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. तो मागवून येईपर्यंत हिवाळ्यातील निरभ्र रात्री निघून जातात.

मूळ प्रश्न प्लगच्या आकाराचा नसून तारेतून वाहणाऱ्या विद्युत्-दाबाचा आहे. संगणकाच्या जुन्या सिरियल पोर्टची आरएस-२३२ ही पद्धत १९६० च्या दशकाच्या आरंभीची. तीत संदेश धन आणि ऋण अशा दोन्ही दाबांनी जातो आणि हा दाब १५ व्होल्टपर्यंत असू शकतो. माउंटच्या आतील सूक्ष्म-नियंत्रकाची भाषा मात्र टीटीएल पातळीची असते : शून्य व्होल्ट आणि ५ व्होल्ट, किंवा काही यंत्रांत शून्य आणि ३.३ व्होल्ट. शिवाय दोन्हींतील संकेत परस्परांच्या उलट असतात. आरएस-२३२ ची तार थेट टीटीएल खोबणीत घातली, तर ५ व्होल्टवर जगणाऱ्या चिपला दुप्पट-तिप्पट दाबाचा आणि उलट्या दिशेचाही फटका बसतो.

स्काय-वॉचर या कंपनीच्या माउंटांवर ही गफलत विशेष होते, कारण तेथे संगणक जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग हँडसेटमधून जातो. सिनस्कॅन हँडसेटच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी ६ टोकांची खोबण असते आणि ती आरएस-२३२ पद्धतीची असते. हँडसेटसोबत आलेली केबल आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टर एवढ्यावर काम भागते. पाचव्या आवृत्तीच्या हँडसेटवर थेट यूएसबी खोबण आहे. तेथे प्रिंटरची साधी केबल पुरते. दुसरा मार्ग हँडसेट बाजूला ठेवून, त्याच्याच खोबणीत संगणकाची तार घालण्याचा. ईक्यूमॉड हे विनामूल्य सॉफ्टवेअर याच मार्गाने माउंट चालवते आणि या तारेला ‘ईक्यूडायरेक्ट’ केबल म्हणतात. छायाचित्रकारांची पसंती बहुधा हिलाच असते. पण ती टीटीएल पातळीची असावी लागते.

आता खोबणींचे आकार पाहावेत. एचईक्यू५ या माउंटची हँडसेटची खोबण घरातील इंटरनेटच्या केबलसारखी, म्हणजे ८ टोकांची आरजे-४५ आहे. एनईक्यू६ या जुन्या माउंटवर ती ९ टोकांची, संगणकाच्या सिरियल पोर्टसारखीच दिसणारी आहे. कपाटात पडलेली जुनी ९ टोकांची केबल तेथे चपखल बसते आणि बोर्ड जातो. एचईक्यू५ च्या बाबतीत नेटवर्क केबलचे दुसरे टोक लॅपटॉपच्या इंटरनेट पोर्टमध्ये घालण्याचा मोह होतो. तोही तितकाच घातक, कारण हँडसेटला वीज माउंटकडूनच मिळते. त्या ८ टोकांपैकी एकावर १२ व्होल्ट खेळत असतात. गाइडिंगसाठी असलेली एसटी-४ ही ६ टोकांची खोबण आणखी वेगळी. तिचे काम फक्त मार्गातील बारीक दुरुस्त्या घेणे हे असून संगणकाने माउंट वळवण्याशी तिचा संबंध नाही. ईक्यू६-आरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कंपनीने माउंटवरच यूएसबी खोबण दिली आहे. हे माउंट असणाऱ्यांनी केबलवर वेगळा खर्च करण्याचे कारणच नाही.

सेलेस्ट्रॉनच्या नेक्सस्टार मालिकेत हा गोंधळ कमी आहे. जुन्या हँडसेटच्या तळाशी टेलिफोनच्या रिसिव्हरला असते तशी ४ टोकांची छोटी खोबण असते; ती आरएस-२३२ ची. नव्या हँडसेटवर मिनी-यूएसबी आहे. जुन्या मोबाइलची किंवा कॅमेऱ्याची केबल चालते. मात्र ती केवळ चार्जिंगची नसावी, तीत डेटाच्या तारा असाव्यात.

प्लग आणि विद्युत्-दाब ठरला, की उरतो तो केबलच्या आतील चिपचा प्रश्न, आणि पैसे कोठे वाचवावेत हे येथे ठरते. यूएसबीचे सिरियलमध्ये रूपांतर करणाऱ्या चिपांत एफटीडीआय, प्रोलिफिक, सिलिकॉन लॅब्ज आणि डब्ल्यूसीएच (हिची सीएच३४० ही चिप) ही नावे नेहमीची. एफटीडीआय सर्वांत भरवशाची मानली जाते आणि म्हणूनच तिच्या नकलाही उदंड. २०१४ मध्ये विंडोजच्या अद्ययावतीकरणातून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने अशा नकली चिपांची ओळखच पुसून त्या निकामी केल्या होत्या. ओरड झाल्यावर कंपनीने तो मागे घेतला. प्रोलिफिकच्या जुन्या चिपांचे दुखणे निराळे. नवे ड्रायव्हर त्यांना स्वीकारत नाहीत आणि ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा, असा संदेश विंडोज दाखवते. ऑनलाइन बाजारातील सर्वांत स्वस्त अडॅप्टर पुष्कळदा याच जातीचे निघतात.

त्या मानाने सीएच३४० ही प्रांजळ स्वस्त चिप आहे. ती दुसऱ्या कोणाचे नाव लावून विकली जात नाही आणि लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून असतो. तिला स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, एवढी एक उणीव. यूएसबीची खोबण बदलली की विंडोज तिला नवा कॉम क्रमांक देते आणि सॉफ्टवेअरमध्ये तो पुन्हा निवडावा लागतो. ठरलेली केबल ठरलेल्या खोबणीतच लावण्याची सवय केली, तर ही अडचण राहत नाही. संदेशांचा वेग सेकंदाला ९६०० बिट्स एवढाच असल्याने महाग केबल घेतल्याने दुर्बीण अधिक अचूक वळेल, असे मात्र मुळीच नाही.

हाताने केबल तयार करणे हा सर्वांत काटकसरीचा मार्ग. एफटीडीआयचीच, एका टोकाला मोकळ्या तारा असलेली ५ व्होल्टची टीटीएल केबल मिळते. एचईक्यू५ आणि ईक्यू६ साठी ती वापरली जाते. तिच्या सहा तारांपैकी काळी (भू-जोडणी), नारिंगी (पाठवणारी) आणि पिवळी (घेणारी) एवढ्या तीनच लागतात. ५ व्होल्टची लाल तार टेप गुंडाळून वेगळी ठेवावी. पाठवणारी तार माउंटच्या घेणाऱ्या टोकाला जायला हवी, हे येथे विसरले जाते. आरजे-४५ प्लगाच्या तारांचा रंगक्रम दोन प्रकारचा असतो. म्हणून रंगावर विसंबू नये, टोकांचे क्रमांक मोजावेत. माउंटच्या नेमक्या मॉडेलचा आराखडा समोर ठेवून मल्टिमीटरने प्रत्येक टोक तपासावे आणि १२ व्होल्टच्या टोकाला काहीही जोडलेले नाही याची खात्री झाल्यावरच केबल लावावी. तीही माउंटची वीज बंद असताना. सोल्डरिंगचा हात नसेल, तर तयार ईक्यूडायरेक्ट केबलचे जादा पैसे देणेच शहाणपणाचे.

लांबीचाही विचार हवा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची; आरएस-२३२ ची तार १५ मीटरपर्यंत नेता येते. लॅपटॉप घरात आणि दुर्बीण अंगणात असेल, तर हँडसेटमार्गे जाणारी सिरियल तारच लांब घ्यावी आणि अडॅप्टर लॅपटॉपपाशी ठेवावा. टीटीएलचा भाग मात्र आखूडच बरा. केबल तिपाईच्या पायाला सैलसर बांधून ठेवावी. अंधारात पाय अडखळला, तर ओढ खोबणीवर येत नाही.

गोव्यासारख्या किनारपट्टीवर खारी, दमट हवा तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवट थर चढवते. पावसाळाभर पिशवीत पडलेली केबल नोव्हेंबरात मध्येच संपर्क तोडू लागते आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो. सोन्याचा मुलामा दिलेली टोके असलेला प्लग थोडा महाग पडला, तरी येथे तो घ्यावा आणि केबल सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून तसा डबा बहुतेकांकडे असतोच.