जोहाराचा छंद

पातूरला आमच्या वस्तीतील चार विद्यार्थी जमवून मी चोखामेळ्याचे अभंग वाचत होतो. ‘जोहार’ आला तसा एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, “सर, हे तं लाचारीचं गाणं हाय. आपन जयभीम म्हननारे मानसं, आपल्याले हे काहाले पाह्यजे?”

त्याचा संताप खोटा नव्हता. मी वाद घातला नाही. त्याला अक्षरे मोजायला सांगितली.

मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण असतात, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे. लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. जोहार या लहान वळणाचा. एखादे अक्षर वाढते, पण हा गाण्याचा छंद आहे. टाळ ते सांभाळून घेतो. पहिला चरण जोहाराने सुरू होऊन जोहारावरच थांबतो, मध्ये ‘मायबाप’ ही हाक. ही रचना चोख्याने कल्पनेने शोधलेली नाही. गावच्या मालकापुढे महाराने उभे राहायचे ते असेच.

स्वतःला दासाचा दास म्हणवणे हा संतकाव्यातील नम्रतेचा संकेत. चोखा तेच म्हणतो, फक्त दासाच्या जागी आपली जात ठेवतो. उष्टे म्हणजे भक्ताच्या भाषेत प्रसाद. महारवाड्याच्या भाषेत संध्याकाळचे जेवण. इतरांच्या तोंडी जे रूपक, ते येथे रूपक राहतच नाही.

एकनाथांनीही (1533–1599) जोहाराची भारुडे रचली. शब्द तोच, हाक तीच, बोलणाराही महारच. पण शेवटी ‘एका जनार्दनी’ येते आणि सोंग उतरते. ‘चोखा म्हणे’ आल्यावर उतरवायला काही उरत नाही. सोयराबाईंची मुद्रा तर ‘चोखियाची महारी’. नवऱ्याचे नाव आहे, जात आहे, तिचे नाव नाही. छंदाची पाठ्यपुस्तके नाममुद्रा एका ओळीत उरकतात. माझ्या मते अभंगाचे सारे वजन तिच्यावर आहे.

1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखा गेला, असे परंपरा सांगते. त्यानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी, मार्च 1927 मध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांना सांगावे लागले की उष्टे खाणे सोडा. पुढच्याच वर्षी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडले. म्हणजे चोख्याच्या हातातील पाटी तोवर खाली ठेवलेली नव्हती. चोख्याची वाट बाबासाहेबांनी धरली नाही. तरी 1948 साली अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला.

त्या पोराने वहीत शेवटचा चरण दोनदा मोजला. अक्षरे जास्त भरत होती. मग त्याने विचारले, “पाटी घेऊन तं आला, सर. मंग भेटलं का त्याले काही?”

अभंगात ते सांगितलेले नाही.