छापखानेवाल्याचें भय

आज जो विषय मीं बोलण्यासाठीं घेतला आहे, तो नवा दिसतो. पण त्याचें मूळ जुनें आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप यांसारख्या समाजमाध्यमांवर कोणीं काय लिहावें, लिहिलेलें कोणीं काढून टाकावें आणि सरकारनें त्यांत किती हात घालावा, याविषयीं अलीकडे पुष्कळ वाद होतो. वाद करणारे बहुधा दोनच पक्ष ध्यानांत घेतात : एक लिहिणारा आणि दुसरें सरकार. या दोघांच्या मध्यें एक तिसरा असतो. पूर्वीं तो छापखानेवाला होता; आज ती समाजमाध्यम चालविणारी कंपनी आहे. लेखणीला आवर घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग या तिसऱ्याच्या दारावरून जातो, असें इतिहास सांगतो.

१८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें ठिकाण घालणें सक्तीचें झालें. यांत वावगें कांहीं नव्हतें. पण कोणाचें दार ठोठवावें हें सरकारला त्यामुळें आयतेंच कळूं लागलें. पुढें १४ मार्च १८७८ रोजीं लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें देशी भाषांतील वृत्तपत्रांकरितां निराळा कायदा केला. मॅजिस्ट्रेटनें प्रांतिक सरकारच्या संमतीनें मुद्रक व प्रकाशक यांजकडून मुचलका लिहून घ्यावा, अनामत ठेवून घ्यावी, आणि मजकूर आक्षेपार्ह ठरल्यास ती जप्त करावी. त्यावर न्यायालयांत दाद नाहीं. इंग्रजी पत्रें यांतून मोकळीं होतीं. म्हणून कलकत्त्याची अमृतबझार पत्रिका ताबडतोब संपूर्ण इंग्रजी झाली. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत हा कायदा रद्द झाला, पण ती युक्ति मेली नाहीं. १९१० च्या कायद्यानें नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन घेण्याची तरतूद केली. तो जप्त झाला तर पुढील जामीन १,००० ते १०,००० रुपये, आणि त्यानंतर पुन्हां चूक झाली तर छापखानाच जप्त.

याच्या शेजारीं १९०८ सालची गोष्ट ठेवून पाहा. लोकमान्य टिळकांवर मुंबईंत राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस सहा वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली. ती शिक्षा अन्यायाची होती यांत शंका नाहीं. परंतु आरोप लेखी होता, न्यायालय उघडें होतें, आणि आरोपीनें स्वतःचा बचाव स्वतः केला. तें भाषण आजहि आपणांस वाचतां येतें. जामिनाच्या भयानें छापखानेवाल्यानें जो कागद मुकाट्यानें परत केला, त्याची नोंद मात्र कोठेंहि नाहीं. त्याला आरोप नाहीं, निकाल नाहीं, आणि लेखकाला कारणहि नाहीं.

हें भय मीं स्वतः अनुभवलें आहे. मी शिक्षक असतांना शाळेच्या भित्तिपत्रकाचें काम माझ्याकडे होतें. एका वर्षीं नववींतील एका मुलानें शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीविषयीं चार ओळींची तक्रार लिहून दिली. ती लावूं नये असें मला कोणींहि सांगितलें नव्हतें. पण उद्यां बोलणें आलें तर तें माझ्यावर येईल, या विचारानें मीं तो कागद मेजाच्या खणांत ठेवला. मुलानें दोनदां विचारलें. दोन्ही वेळां 'जागा नव्हती' असें मीं सांगितलें. तिसऱ्यांदा त्यानें विचारलें नाहीं, आणि पुन्हां कधीं लिहिलेंहि नाहीं.

आतां आपल्या काळाकडे वळूं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला २००८ सालीं दुरुस्ती झाली. तिच्यांतील कलम ६६-अ प्रमाणें आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीं फेसबुकवर लिहिल्यावरून व त्यास पसंती दर्शविल्यावरून पालघर येथें दोन तरुणींस अटक झाली. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीनें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि २४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ति चेलमेश्वर व नरीमन यांनीं तें कलम रद्द ठरविलें.

याच निकालाचा दुसरा भाग लोकांच्या फारसा ध्यानांत राहिला नाहीं. दुसऱ्याच्या मजकुराबद्दल कंपनीस जबाबदार धरूं नये, असें कलम ७९ सांगतें. पण ही सूट अटींवर आहे. अट मोडली कीं सूट गेली. जुन्या जामिनाचेंच हें नवें रूप होय. केवळ कोणाच्याहि तक्रारीवरून मजकूर काढण्याची सक्ति कंपनीवर नाहीं, न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची सूचना हवी, असा अर्थ न्यायालयानें लावला. मजकूर अडविण्याचा सरकारचा अधिकार देणारें कलम ६९-अ मात्र कायम राहिलें, आणि त्याखालील कामकाज गुप्त ठेवण्याचा नियमहि राहिला. पुढें २०२३ सालीं, केंद्र सरकारच्या कामाविषयींचा मजकूर खोटा कोणता हें सरकारी कक्षानेंच ठरवावें, असा नियम निघाला. तसा ठरलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपनीची सूट धोक्यांत येणार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ति चांदूरकर यांनीं २० सप्टेंबर २०२४ रोजीं नियमाविरुद्ध मत दिलें, व तो रद्द झाला.

मग कांहींच आवरूं नये काय? तसें म्हणवत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें भटक्या जमातीच्या पांच निरपराध माणसांस ठार मारलें. अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यांत कंपनीनें आपल्या देशांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास मनाई केली. हा नियम सर्वांस सारखा होता आणि उघडपणें जाहीर झालेला होता. त्यासाठीं कोणाचाहि कागद खणांत गेला नाहीं.

नियम असावेत, पण ज्याचा मजकूर काढला त्यास कारण कळावें, काढणाऱ्याचें नांव कळावें, आणि दाद मागण्यास जागा असावी. २०२१ च्या नियमांनीं ५० लाखांहून अधिक नोंदलेले लोक असलेल्या कंपन्यांस, स्वतःहून मजकूर काढतांना लेखकास कारण कळविण्याचें बंधन घातलें, तें योग्यच झालें. सरकारच्या हुकुमानें जें निघतें, त्यालाहि हाच न्याय लागला पाहिजे.

त्या मुलास मीं खरें कारण सांगितलें असतें, तर तो माझ्याशीं भांडला असता, कदाचित् मुख्याध्यापकांकडेहि गेला असता. तसें झालें असतें तर बरें झालें असतें.