मूत्रमार्गाच्या कर्करोगांतील जनुकीय भेद व नाते : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मूत्रपिंड, मूत्रवाहिनी व मूत्राशय हे एकाच संस्थेचे अवयव होत. त्यामुळे त्यांचे कर्करोगही एकाच कुळातील असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

अवयवनिष्ठ अभ्यासाचा कालखंड :
1895 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगकारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयात आढळणाऱ्या गाठींकडे लक्ष वेधले. महाराष्ट्रात 1941 मध्ये मुंबईच्या परळ भागात टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाच्या विकृतिशास्त्रीय संशोधनाचा पाया घातला. पुढे 1963 मध्ये मुंबईत व 1987 मध्ये ग्रामीण भागासाठी बार्शी येथे कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदींमुळे कोणत्या अवयवाचा कर्करोग किती जणांना होतो, हे समजू लागले. मात्र त्या रोगांचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाचे उत्तर जनुकांतच दडलेले होते.

जनुकनिष्ठ अभ्यासाचा कालखंड :
1993 मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल जनुकाचा शोध लागला. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. 1999 मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात एफजीएफआर-3 या जनुकातील उत्परिवर्तन आढळले. मूत्रपिंडात मूत्र जेथे गोळा होते, त्या वृक्कद्रोणीच्या व मूत्रवाहिनीच्या अस्तरातील कर्करोगातही हेच उत्परिवर्तन वारंवार दिसते. म्हणजेच वृक्कद्रोणीचा कर्करोग मूत्रपिंडात असूनही नात्याने मूत्राशयाच्या कर्करोगाला जवळचा ठरतो. कारण दोहोंचे अस्तर एकाच प्रकारचे आहे.

तथापि, या सोयऱ्यांतही भेद आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती निर्माण करणारा लिंच सिंड्रोम वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनीच्या कर्करोगाशी अधिक निगडित आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध तुलनेने क्षीण आहे.

निष्कर्ष :
अवयवांचा शेजार म्हणजे रोगांचे नाते नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. त्यावर औषधाची निवड अवलंबून असते, तसेच रुग्णाच्या भावंडांना व मुलांना वेळीच सावध करणेही शक्य होते. नेरसारख्या तालुक्याच्या गावी जनुकीय तपासणीची सोय नसली, तरी घराण्यात कोणाला कोणता कर्करोग झाला होता, हे विचारण्यास यंत्र लागत नाही. लघवीतून वेदनेविना रक्त जाणे ‘उन्हाळी’ समजून सोडून न देणे, ही त्याची पहिली पायरी होय.