मॉर्फिन, जठर आणि उशिरा पोहोचणारी गोळी

हृदयविकाराच्या झटक्यात छातीत उठणारी कळ शमवण्यासाठी मॉर्फिन द्यावे, हा वैद्यकातला दीर्घकाळ जवळजवळ निर्विवाद संकेत होता. मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रोग्लिसरीन आणि ॲस्पिरिन यांच्या आद्याक्षरांतून ‘मोना’ हा शब्द घडला आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तो पाठ केला. या यादीतले मॉर्फिनचे स्थान मोठ्या यादृच्छिक चाचण्यांच्या बळावर ठरलेले नव्हते. वेदनेने तळमळणारा माणूस काही मिनिटांत शांत होतो, हा अनुभवच पुरेसा मानला गेला.

या विश्वासाला २००५ साली धक्का बसला. अमेरिकेतील ‘क्रुसेड’ नोंदवहीत ५७,०३९ रुग्ण होते. त्यांतील सुमारे ३० टक्क्यांना मॉर्फिन मिळाले होते आणि इतर जोखमींचा हिशेब करूनही त्यांच्यातील मृत्यूची संभाव्यता सुमारे दीडपट दिसली. येथे कोणीही हरकत घेईल आणि ती रास्तच आहे: ज्याचे दुखणे मोठे, त्यालाच मॉर्फिन अधिक मिळणार. नोंदवहीतून सहसंबंध हाती लागतो, कारण नव्हे. (एकेक चल स्थिर ठेवण्याची आम्हा भौतिकशास्त्रज्ञांची चैन रुग्णालयात परवडत नाही.)

ती चैन व्हिएन्नातील संशोधकांनी निरोगी माणसांवर प्रयोग करून मिळवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४ स्वयंसेवकांना ६०० मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल दिले गेले. सोबत शिरेतून ५ मिलिग्रॅम मॉर्फिन किंवा निष्प्रभ द्रव. ना झटका, ना वेदना. तरीही मॉर्फिनच्या सोबतीत क्लोपिडोग्रेलच्या सक्रिय रूपाचे रक्तातील एकूण प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

मग दोष यकृताचा की जठराचा? क्लोपिडोग्रेल यकृतात रूपांतरित झाल्यावरच काम करते, म्हणून दोन्ही शक्यता होत्या. टिकाग्रेलोरला मात्र अशा रूपांतराची गरज नसते. पोलंडमधील बिडगॉश्च येथील २०१६ च्या चाचणीत झटका आलेल्या ७० रुग्णांमध्ये मॉर्फिनमुळे टिकाग्रेलोरचे रक्तातील एकूण प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी भरले आणि कमाल पातळी दोन तासांऐवजी चार तासांनी गाठली गेली. संशयाची सुई जठर-आतड्यांकडे वळली. मॉर्फिन तेथील ‘म्यू’ ग्राहकांना चिकटते, जठर रिकामे होणे मंदावते आणि गोळी शोषली जाते त्या जागी उशिरा पोहोचते. यात अनपेक्षित असे काही नव्हते. अफूने पोट बांधले जाते हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. १९१७ साली पॉल ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या आतड्यावर मॉर्फिनचा तोच परिणाम प्रयोगशाळेत मोजला होता. ही माहिती शंभर वर्षे औषधशास्त्राच्या पुस्तकांत होती. हृदयरोग कक्षापर्यंत तिचा अर्थ पोहोचला नव्हता.

रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटू न देणाऱ्या औषधाला झटक्यात विलंब परवडत नाही. तरी मॉर्फिनमुळे रुग्ण दगावतात, असे म्हणणे घाईचे ठरेल. फ्रान्समधील ‘फास्ट-एमआय’ नोंदवहीत मॉर्फिन मिळालेल्यांची स्थिती अधिक वाईट आढळली नाही. शिवाय तीव्र वेदना स्वतःच हृदयावरचा भार वाढवते. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०१७ मध्ये ओपिऑइड औषधांची शिफारस पहिल्या वर्गातून एक पायरी खाली आणली, रद्द केली नाही. हा निर्णय मला समतोल वाटतो. टिकाग्रेलोरची गोळी कुटून देणे किंवा शिरेतून कॅंग्रेलोर देणे, असे मार्गही आता उपलब्ध आहेत.

भारतासाठी हा प्रश्न वेगळ्या ठिकाणी टोचतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदवहीत देशातील २०,४६८ रुग्ण होते. लक्षणांपासून रुग्णालयापर्यंतच्या वेळेचा मध्यक होता ३६० मिनिटे. धमनी पूर्ण बंद पडण्याच्या तीव्र प्रकारात ५८.५ टक्क्यांना गुठळी विरघळवणारे औषध, बहुतांशी स्ट्रेप्टोकायनेज, मिळाले. अँजिओप्लास्टी ८ टक्क्यांची झाली. अशा रुग्णात सुटलेली गुठळी पुन्हा धरू नये, ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात तोंडावाटे दिलेल्या गोळ्यांवरच येते.