४३ सेकंद आणि २४ तास : गिटहबच्या तुटलेल्या संपर्काची कथा

१/ २१ ऑक्टोबर २०१८. जागतिक प्रमाणवेळ रात्री १०.५२, भारतात २२ तारखेची पहाट झालेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबचे एक बिघडत चाललेले ऑप्टिकल उपकरण बदलण्याचे नित्याचे काम सुरू होते. त्या कामात मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला आणि ४३ सेकंदांत पूर्ववतही झाला. संकेतस्थळ सावरायला मात्र २४ तास ११ मिनिटे लागली. असे का झाले, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम रचना. गिटहबवरील मूळ कोड स्वतंत्र व्यवस्थेत राहतो. त्याभोवतीची माहिती, म्हणजे चर्चा, इश्यू, पुल रिक्वेस्ट इत्यादी, मायएसक्यूएल डेटाबेसांच्या अनेक समूहांत असते. प्रत्येक समूहात एकच मुख्य सर्व्हर नव्या नोंदी स्वीकारतो; बाकीचे त्याच्या प्रती बाळगतात व वाचनाचा भार उचलतात.

३/ मुख्य सर्व्हर दिसेनासा झाला, तर वारस नेमण्याचे काम ‘ऑर्केस्ट्रेटर’ या प्रणालीकडे होते. तिचे नोड वेगवेगळ्या ठिकाणी असत आणि बहुमताने निर्णय घेत. त्या रात्री पश्चिम किनाऱ्यावरील आणि पूर्वेकडील सार्वजनिक क्लाउडमधील नोडांचे बहुमत झाले, आणि मुख्यपद पश्चिमेकडे गेले. प्रणालीने नेमून दिलेले कामच चोख बजावले होते.

४/ पेच पुढे उद्भवला. संपर्क तुटण्याच्या क्षणी पूर्वेकडील सर्व्हरांनी काही नोंदी लिहून घेतल्या होत्या. त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. आता पश्चिमेच्या वहीत नव्या नोंदी चढू लागल्या. एकाच हिशेबाच्या दोन वह्या झाल्या, आणि दोन्हींत अशा नोंदी होत्या ज्या दुसरीत नव्हत्या.

५/ शिवाय अंतराचा प्रश्न. संकेतस्थळाचे प्रोग्राम पूर्वेला, डेटाबेस पश्चिमेला. खंड ओलांडून जाण्यायेण्यास सुमारे ६० मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी डेटाबेसला अनेक प्रश्न विचारावे लागत असतील, तर हा विलंब प्रत्येक वेळी साचत जातो. सर्व्हर चालू, जोडणीही शाबूत; तरीही अनेक सेवा वापरण्याजोग्या उरल्या नाहीत.

६/ १०.५४ पासून धोक्याच्या सूचना येऊ लागल्या. ११.०२ पर्यंत अभियंत्यांच्या ध्यानात आले की अनेक समूहांची मांडणी अनपेक्षित आहे. ऑर्केस्ट्रेटरला विचारले, तर यादीत केवळ पश्चिमेचे सर्व्हर! ११.०७ ला नवे बदल चढवणे थांबवले. त्यानंतर डेटाबेसच्या जाणकारांना पाचारण करण्यात आले.

७/ आता निर्णयाची घडी आली. मुख्यपद तडक पूर्वेकडे फिरवावे, तर पश्चिमेला अर्ध्या तासाहून अधिक काळ लिहिलेल्या नोंदी गमावण्याचा धोका. गिटहबने वेगापेक्षा नोंदींची अखंडता श्रेष्ठ मानली. वेबहूक पाठवणे आणि पेजेसची बांधणी त्यांनी स्वतःहून थांबवली. संकेतस्थळ दिवसभर रखडत राहील, हे पत्करूनच.

८/ मग बॅकअप. ते दर चार तासांनी घेतले जात, पण साठवलेले दूरच्या क्लाउडमध्ये. अनेक टेराबाइट माहिती आणणे, उलगडणे, तपासणे, सर्व्हरवर चढवणे यात तासन्‌तास गेले. ११.१२ ला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, मुख्यपद पूर्वेला परतले. तरी प्रतींना गाठ घालायला दुपार उजाडली. तोवर ५० लाखांहून अधिक वेबहूक घटना आणि ८० हजार पेजेस रांगेत साचल्या होत्या. रात्री ११.०३ ला सारे सुरळीत झाले.

९/ पूर्वेच्या वहीत अडकलेल्या नोंदी किती होत्या? सर्वाधिक वर्दळीच्या समूहांपैकी एकात ९५४. त्या जुळवण्याचे काम पुढेही चालू राहिले. महिनाअखेर गिटहबने सारा वृत्तांत जाहीर केला आणि मुख्यपद एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर आपोआप जाऊ नये, अशी ऑर्केस्ट्रेटरची रचना बदलली.

१०/ डेटाबेसचा संपर्क तुटला की पहिली ओढ असते ती तो कसाही जोडण्याची. या घटनेतील अभियंत्यांनी आधी विचारले : या घडीला लिहिणारा कोण, आणि खरी वही कोणती? उत्तर मिळेपर्यंत त्यांनी हात आवरला. त्या संयमामुळे एक दिवस गेला, पण लोकांच्या नोंदी वाचल्या.