गाडीच्या फ्लोअरला लायनर कोटिंग : घरी करता येतं का आणि कसं करायचं?

पिकअपच्या हौद्यात विटा, लोखंड, शेतमाल टाकून टाकून पत्रा खरवडला जातो. तो वाचावा म्हणून हौद्यावर रबरासारखा जाड, खडबडीत थर देतात. त्यालाच बेडलायनर म्हणतात. अमेरिकेत जीप आणि ऑफ-रोड गाड्या वापरणाऱ्यांनी हेच कोटिंग गाडीच्या आत, कार्पेट काढून थेट फ्लोअरच्या पत्र्यावर लावायला सुरुवात केली. आपल्याकडे जुनी जिप्सी, थार किंवा बोलेरो असेल, तर यात रस वाटणं साहजिक आहे. पावसाळ्यात भिजलेलं कार्पेट लवकर वाळत नाही आणि त्याखाली पत्रा गंजत राहतो.

व्हिडिओत हे काम दहा मिनिटांत होतं. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस धरा, आणि त्यातला बहुतेक वेळ कोटिंग लावण्याच्या आधीच जातो.

हे कोटिंग म्हणजे नेमकं काय?

बहुतेक लायनर पॉलियुरेथेनचे असतात. घरी वापरायचे दोन मुख्य प्रकार आहेत.

१. एक घटकाचं : डबा उघडायचा, ढवळायचं, रोलरने लावायचं. हे हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतं. हर्क्युलायनर हे याचं जुनं उदाहरण. त्यात रबराचे बारीक दाणे असतात.

२. दोन घटकांचं : एम-सील जसं दोन भाग मळल्यावरच कडक होतं, तसंच हे. उदाहरणार्थ, रॅप्टरच्या बाटलीत ७५० मिली बेस असतो, त्यात २५० मिली हार्डनर घालायचा. म्हणजे प्रमाण ३:१. एकदा मिसळलं की घड्याळ सुरू होतं, उरलेलं उद्यासाठी ठेवता येत नाही.

पॉलियुरियाचं गरम स्प्रे कोटिंग हा तिसरा प्रकार. त्याला खास मशीन लागतं, त्यामुळे ते व्यावसायिकांचंच काम.

लावायचं की नाही, हे आधी ठरवा

कोटिंग पाणी, चिखल आणि ओरखडे अडवतं. पण ते कार्पेटची जागा घेत नाही. कार्पेट आणि त्याखालचा फोम काढला की इंजिनचा आणि रस्त्याचा आवाज वाढतो, फ्लोअर जास्त तापतं. शिवाय हा थर नंतर काढणं फार कष्टाचं असतं. नवीन गाडी वॉरंटीत असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. रोज ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅकला चांगले रबर मॅट पुरतात.

सीट काढताना

सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी थांबा. पिवळा कनेक्टर बहुधा एअरबॅग किंवा सीटबेल्ट प्रीटेन्शनरचा असतो. आधी इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्या आणि मगच कनेक्टर सोडवा. तो सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहू शकतो. मधल्या बोगद्यावर एअरबॅगचं कंट्रोल युनिट असेल, तर ते हलवू नका.

इथे फोन कामाला येतो. प्रत्येक बोल्ट, क्लिप आणि वायरचा मार्ग उघडण्याआधी फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून पिशवीचाही फोटो घ्या. परत बसवताना सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट अंदाजाने आवळू नका. मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळा.

पत्रा तयार करणं : खरं काम इथेच

स्क्रीनगार्डखाली एक धुळीचा कण राहिला तरी बुडबुडा दिसतो. इथेही तसंच होतं, फक्त जाड थराखाली ते दिसत नाही. गंजावर कोटिंग मारलं तर गंज थांबत नाही. कडेने किंवा एखाद्या चिरेतून पाणी आत गेलं की ते तिथेच अडकतं आणि वरून सगळं छान दिसत असताना पत्रा आतून खात जातो. म्हणून क्रम पाळा :

१. फ्लोअर धुऊन पूर्ण वाळवा.
२. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पत्रा दबला किंवा भोक पडलं, तर कोटिंग हा उपाय नाही. आधी गॅरेजमध्ये पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून घ्या. फ्लोअरखालून पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या जातात, त्यामुळे वेल्डिंग घरी नको.
३. वरवरचा गंज वायर ब्रशने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा आणि त्यावर एपॉक्सी प्रायमर मारा.
४. चांगला रंग असलेला भाग साधारण १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चमक गेली पाहिजे, कारण गुळगुळीत रंगावर कोटिंग धरत नाही.
५. धूळ काढून ग्रीस रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे अल्कोहोल मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका.

काय झाकायचं नाही?

मास्किंग टेप लावायच्या जागा : सीट आणि सीटबेल्टच्या बोल्टची भोकं, अर्थिंगच्या वायरी जिथे पत्र्याला जोडल्यात ते पॉइंट, पाणी जाण्याची भोकं आणि त्यांचे रबरी बूच. अर्थिंगवर कोटिंग गेलं, तर नंतर विजेचे विचित्र फॉल्ट येतात.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. काही गाड्यांत चेसिस नंबर सीटखालच्या फ्लोअरवरच कोरलेला असतो. आरटीओच्या कामासाठी त्याचा पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो. तो थराखाली गेला तर पुढे गाडी विकताना अडचण होईल.

लावताना

किती माल लागेल? फ्लोअर १.५ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद धरला, तर १.९५ चौरस मीटर. पन्हळी आणि कोपऱ्यांसाठी पाव भाग वाढवा, म्हणजे साधारण २.४ चौरस मीटर. याला थरांच्या संख्येने गुणा आणि डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

कोपरे आधी ब्रशने, मग मोकळा भाग रोलरने. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. दोन थरांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. पावसाळ्यात हे काम टाळा. दोन घटकांच्या कोटिंगमधला हार्डनर पाण्याशी रासायनिक क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि थरात बुडबुडे येतात. कोकणात आणि मुंबईत त्यासाठी हिवाळ्याचे कोरडे दिवस बरे.

वास नाही, विषय फुफ्फुसांचा आहे

या कोटिंगमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची एकदा ॲलर्जी बसली, की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उसळू शकतो. एन-९५ मास्क धूळ अडवतो, बाष्प नाही. सेंद्रिय बाष्पाचं कार्ट्रिज असलेला मास्क, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घाला. सगळे दरवाजे उघडे ठेवून मोकळ्या जागेत काम करा. सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग नको. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ सिगारेट किंवा ठिणगी उडणारं यंत्र नको.

स्प्रे गनने मारायचं असेल, तर ते पेंट बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आधीच दमा असेल, तर रोलरचं कामही दुसऱ्यावर सोपवा.

गाडी कधी वापरायची?

वरून एका दिवसात कोरडं वाटतं, पण पूर्ण घट्ट व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर मॅट टाकू नका, पाणी ओतू नका, काचा उघड्या ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत लहान मुलांना गाडीत बसवू नका.

पहिल्या पावसाळ्यानंतर मॅट उचलून कडा आणि बोल्टच्या भोवती बघा. थर सुटलेला दिसला, तर तेवढा भाग कापून, घासून पुन्हा लावा. सुटलेल्या कडेवर नुसता नवा हात फिरवला, तर गंज पुन्हा आतच कोंडला जाईल.