शेडमागची गल्ली

पहाटेचे साडेतीन वाजलेत. दाराची कडी वाजते आणि बाहेरचा माणूस कंदील वर धरून एवढंच म्हणतो, "कॉल!"

साल 1956, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. गाव हुबळी. तू दहा वर्षांची आहेस, गोधडीत आई आणि धाकटा भाऊ यांच्यामध्ये दडपून झोपली आहेस, तरी तो आवाज तुला कळतो. आबा उठतील, कॉलबुकात सही करतील, आणि दोन तासांनी त्यांची गाडी सुटेल. आबा फायरमन आहेत. गल्लीत त्यांना आगवाला म्हणतात.

आजच्या काळातून येताना तुझ्याबरोबर जे आलंय ते इथे उपयोगाचं नाही. घरात नळ नाही, दिवा रॉकेलचा आहे. नवा पैसा पुढच्या एप्रिलात येणार. आता आणे आणि पैच चालतात. आईने शेगडी अंगणात पेटवली आहे. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी, कांदा, सगळं फडक्यात बांधून डब्यात जातं. "कधी येणार?" असं कुणी विचारत नाही. आबा मिरजेला पोचतील, रनिंग रूममध्ये झोपतील, आणि परतीची गाडी मिळेल तेव्हा परततील. उद्या रात्री, परवा सकाळी, काही सांगता येत नाही. ते तुझ्या डोक्यावर हात ठेवतात. तो हात कितीही धुतला तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात आणि मनगटावर जुन्या भाजण्याचे पांढरे डाग आहेत.

हुबळीच्या पोटात कोळसा नाही. इथली माती काळी आहे खरी, पण ती कापसाची. कोळसा येतो वाघिणींतून, तेलंगणातल्या सिंगरेणीसारख्या लांबच्या खाणींतून, आणि इंजिनांच्या शेडमध्ये ओतला जातो. तिकडे खाणीच्या तोंडाशी ज्या वस्त्या आहेत, चांद्याकडे बल्लारपूरला आहेत, झरियाला आहेत, त्या तू कधी पाहिल्या नाहीस. पण त्यांनी वर काढलेल्या कोळशाचा शेवटचा तुकडा तुझ्या गल्लीत जळतो. मला तरी ही सगळी एकाच लांबलचक वस्तीची दोन टोकं वाटतात. तिकडे कोळसा वर काढणारे, इकडे आगीत टाकणारे, आणि दोन्हीकडे बायका पदराने मुलांची तोंडं पुसताहेत.

ही माणसं इथे आली ती दुष्काळाने. 1876 ते 78 चा तो भीषण दुष्काळ सरला, आणि पुन्हा अशी वेळ आली तर धान्य पोचावं म्हणून या मुलखात रूळ टाकायचं ठरलं. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. हुबळीला तिचं वर्कशॉप उभं राहिलं. तुझे पणजोबा मातीच्या पाट्या वाहायला म्हणून आले आणि रुळांच्या कडेलाच राहिले. 1908 मध्ये कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली, 1951 पासून ती सदर्न रेल्वे झाली. नावं बदलत गेली. वर्कशॉपचा भोंगा तसाच वाजत राहिला आणि सगळं गाव त्यावर घड्याळ लावत राहिलं.

उजाडलं. पत्र्याचा डबा घे आणि टायरच्या चपला घाल, अनवाणी जाऊ नकोस. शेडमध्ये इंजिन राखेच्या खड्ड्यावर उभं करतात, खलाशी आग ओढून खाली पाडतात, वर पाणी मारतात आणि ती राख कुंपणापलीकडे टाकली जाते. तिथे तुम्ही आठ-दहा मुली. राख वरून थंडगार दिसते, आत निखारा असतो. म्हणून आधी डब्याच्या कडेने उकरायचं, वाफ येते का बघायचं, मग हात घालायचा. काचेसारखा चकाकणारा जड तुकडा म्हणजे खंगर, तो जळत नाही, फेकून दे. करडा, भोकाभोकांचा, हलका तुकडा अर्धा जळालेला असतो, तो घे. त्याचा धूर होत नाही, आई खूश होते. आणि कधीतरी राखेत चुकून कोराच राहिलेला काळा कोळसा सापडला, तर ओरडू नकोस, गुपचूप तळाशी घाल.

वाघिणीतला कोळसा उचलायचा नाही, हा कायदा सगळ्यांना पाठ आहे. वॉच अँड वॉर्डचा शिपाई तिकडे डोळ्यांत तेल घालून उभा असतो. राखेकडे मात्र तो पाठ करून विडी ओढतो. त्याची स्वतःची मुलगी तुझ्या शेजारी उकरते आहे.

परतताना गल्लीच्या तोंडाशी एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या पायरीवर प्रत्येकीने एकेक मूठ टाकायची. नवरा वर्कशॉपमध्ये होता तिचा. हा नियम कुणी घातला ते कुणालाच आठवत नाही, पण मूठ चुकवलीस तर संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर गेलेलं असतं.

घरी चुऱ्याचं काम. चाळून उरलेली कोळशाची भुकटी, थोडं शेण, थोडी चिकणमाती, आणि तांदूळ घरात शिजलाच असेल तर त्याची पेज. पाण्याचा हात बेताचा. गोळा मुठीत दाबला की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि सोडल्यावर फुटता कामा नये. ऑक्टोबरच्या उन्हात अंगणभर गोळ्यांच्या रांगा लागतात. बादलीला आतून माती लिंपून, मधे सळ्या घालून केलेल्या शेगडीत हे गोळे रचायचे. धूर जाऊन लाल होईपर्यंत शेगडी अंगणातच ठेवायची, आणि रात्री दार लावून ती उशाशी घेऊन कुणी निजायचं नाही. थंडीतसुद्धा नाही. हे तुला सगळ्यांनी बजावलंय: आईने, पलीकडच्या कन्नड अक्कांनी, खालांनी, तमिळ पाटीने, म्हणजे आजीने. शेगडीतून सुटणाऱ्या त्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

तुझी गल्ली किती भाषांची आहे बघ. आबांचं कुळ कोल्हापूरकडचं, अक्का गदगजवळच्या, खालांचे मियाँ फिटर, तेलुगू अम्मा रविवारी चर्चला जातात, पाटी त्रिचीहून सुनेबरोबर आली. गल्लीत एकमेकींना विचारायचं ते कन्नडमधून, "ऊटा आतेन?" जेवण झालं का? आणि "नाही" असं उत्तर आलं तर विचारणारीवर जबाबदारी येते.

हा जिव्हाळा कुठून आला, हे मला सांगायचं आहे. गरीब माणसं मुळातच मायाळू असतात असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. या गल्लीला जोडलं ते ड्यूटीने. इंजिनावरच्या माणसाला वार नाही, रात्र नाही, सण नाही. चौदा-सोळा तास फावडं मारून तो दुसऱ्याच गावात झोपतो. कुठल्याही रात्री गल्लीतले निम्मे पुरुष लाईनवर असतात. मग कुणाला कळा सुरू झाल्या, कौलांतून साप पडला, पोर तापाने फणफणलं, तर घरचा माणूस असेलच याची खात्री काय? म्हणून कुणाचा माणूस आज घरी आहे, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असावं लागतं. शेडच्या बाबूपेक्षा त्यांना ड्यूटीचा तक्ता जास्त पाठ आहे. आबांची गाडी धारवाडच्या चढावर असेल तेव्हा दुसऱ्या कुणाचा नवरा तुझ्या घरचा कर्ता असतो. तो लाईनवर गेला की आबा त्याच्या घरचे.

वाणसामानही ड्यूटीनेच येतं. नवलूरचे पेरू, बेळगावची भाजी, मिरजेची हळद. जो जिकडे जातो तो चार घरांचं आणतो. 1955 च्या ऑगस्टपर्यंत कॅसलरॉकच्या पलीकडून, गोव्यातून, सुके बांगडेही यायचे. मग तिकडे गोव्याच्या मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, सरहद्दीवरची गाडी बंद झाली. खाला अजून बांगड्याची आठवण काढतात.

पण सगळंच गोड आहे असं समजू नकोस. नळावर रोज भांडण होतं. आणि ओळीच्या शेवटी जी दोन घरं आहेत, त्यांच्या घागरी सगळ्यांच्या नंतर लागतात. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा गेल्याच वर्षी झाला, पण तो नळापर्यंत पोचलेला नाही. या पावसाळ्यात तुला ताप चढला त्या रात्री आबा गुंटकलला होते, आणखी सातजण लाईनवर होते. घरी होता तो शेवटच्या घरातला खलाशी. त्यानेच तुला पाठुंगळी मारून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी आईने त्याच्या बायकोची घागर आपल्या आधी लावली. दोघीतिघी पुटपुटल्या, एकीने नळच सोडला. आईने घागर हलवली नाही. आजही त्या घागरी बाकीच्यांच्या नंतरच लागतात, आईची तेवढी त्यांच्याही मागे असते.

ऐन दिवाळीत, 1 नोव्हेंबरला, तुझं राज्य बदलतं. काल मुंबई राज्यात झोपलीस, आज म्हैसूर राज्यात उठलीस. हुबळी-धारवाडने कर्नाटकाच्या एकीकरणासाठी मोठी चळवळ केली आहे, अक्कांच्या घरी आनंद मावत नाही, दारात दिव्यांची रांग दुप्पट आहे. आबा जरा गप्प आहेत. तुझी मराठी शाळा पुढे राहील का, हा त्यांचा प्रश्न आहे. अक्का ताटभर करंज्या घेऊन येतात आणि आबांच्या समोर बसून म्हणतात, पोरीला कन्नड मी शिकवते, मराठी तुम्ही सोडू नका. त्या दिवशीही पहाटे कॉल आलाच होता. अभ्यंगस्नान उरकून, अंगाला उटण्याचा वास घेऊन आबा कोळशात गेले.

पंधरवड्याने कार्तिकी. रेल्वेचा पास ही तुझ्या घरातली एकमेव श्रीमंती. मिरजेपर्यंत मीटर गेज, पुढे छोट्या गाडीने पंढरपूर. पास फक्त घरच्यांना, पण निघताना सगळी गल्ली दारात. कुणी एक आणा देतं, कुणी सुपारी, अक्का ज्वारीचं कणीस देतात, खाला म्हणतात, येताना चुरमुरे आण. आई प्रत्येकीची पुरचुंडी वेगळी बांधते आणि विठ्ठलापुढे ठेवताना एकेकीचं नाव घेते. मागच्या रांगेतले लोक घाई करतात. ती सगळी नावं पुरी करते.

पुढचं तुला माहीत आहे, या गल्लीला नाही. वाफेची इंजिनं जातील, राखेचे ढीग जातील. 1974 च्या मे महिन्यात देशभर वीस दिवसांचा रेल्वे संप होईल, ड्रायव्हर-फायरमनच्या कामाचे तास हा त्यामागचा एक मोठा प्रश्न असेल, आणि संपकऱ्यांच्या बायकापोरांना क्वार्टरांतून बाहेर काढलं जाईल. 2023 मध्ये याच स्टेशनात 1507 मीटरचा, जगातला सर्वांत लांब फलाट होईल. मुरगावला उतरलेला परदेशी कोळसा तेव्हाही हुबळीवरून तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जात असेल, पण तो वेचायला कुणी उभं नसेल. ते बरंच आहे. दहा वर्षांच्या पोरीने निखाऱ्यात हात घालू नये.

नोव्हेंबर संपत आलाय. 23 तारखेच्या पहाटे तमिळ मुलखात अरियलूरजवळ पुराने रूळमार्ग खचला आणि तुतिकोरीन एक्सप्रेस नदीत कोसळली. शंभराहून अधिक माणसं गेली. आपलीच सदर्न रेल्वे. चहाच्या टपरीवर कुणीतरी पेपर मोठ्याने वाचतंय: रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. माणसं मान डोलावतात. आई पाण्याला निघालेली, ती थांबून विचारते, "फायरमनचं काय झालं, लिहिलंय का?"

पाटी दोन दिवस जेवलेली नाही. तिचा भाचा त्याच बाजूला गँगमन आहे. तार करायला पैसे नाहीत, पण गल्लीला रेल्वे आहे. आबा हरिहरच्या गाडीवर गेले तेव्हा तिकडच्या गार्डाला सांगून आले, त्याने बंगळूरच्याला, बंगळूरच्याने पुढच्याला. चौथ्या दिवशी दुपारी उलटं फिरत कागद येतो, चारदा घडी घातलेला, तेलकट, तमिळमध्ये लिहिलेला. तू मराठी वाचतेस, कन्नड आता जुळवून वाचतेस. ही अक्षरं तुला येत नाहीत. पाटीला कुठलीच येत नाहीत, सून माहेरी गेली आहे. तमिळ वाचणारा गल्लीत एकच, पाटीचा मुलगा, आणि तो गदगकडे मालगाडीवर.

चहा होतो, कुणी पीत नाही. खाला पाटीजवळ बसून राहतात. तुला शेडच्या कुंपणाशी उभं केलंय, गाडी आली की धावत सांगायचं. दिवेलागणीला मालगाडी येते, तू धावतेस, आणि तुझ्यामागून तो येतो, डोळ्यांच्या पांढऱ्या कडा सोडल्या तर सगळा काळा. हात धुवायला कुणी त्याला सवड देत नाही. कंदील अक्का धरतात. भाचा सुखरूप आहे, त्याची ड्यूटी त्या तुकड्यावर नव्हती; घरात पाणी शिरलं, तांदूळ भिजला, बाकी सगळे बरे. पाटी म्हणते, पुन्हा वाच. तो पुन्हा वाचतो, या वेळी कन्नडमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळावं. मग आई विचारते, भिजलेल्या तांदळाचं काय करायचं त्यांनी, या महिन्याची भिशी कुणाची आहे? ती अम्मांची निघते, आणि अम्मा आधीच घरात पैसे आणायला वळलेल्या असतात.